पडक्या वाड्यातील पर्णनासिक वटवाघूळ कसे ओळखावे

सोलापूर परिसरातील जुन्या गढीत किंवा पडक्या वाड्याच्या तळघरात लटकणारे प्रत्येक लहान वटवाघूळ सरसकट ‘पाकोळी’ ठरते. त्यांतून श्नायडरचे पर्णनासिक वटवाघूळ, म्हणजे हिपोसिडेरॉस स्पिओरिस, वेगळे ओळखायचे असेल, तर आधी छताकडे न पाहता जमिनीकडे पाहावे.

तोंडाला मास्क लावून तेथील वाळलेली लेंडी काडीने दाबावी. उंदराची लेंडी कडक राहते. कीटकभक्षी वटवाघळाची मात्र सहज चुरा होते आणि त्यात भुंगेऱ्यांच्या कवचाचे चकचकीत कण दिसतात. जमिनीवर बेडकांचे किंवा उंदरांचे अवशेष पडलेले असतील, तर वर मेगाडर्मा हे मांसभक्षी वटवाघूळ असण्याची शक्यता अधिक. त्याच्याही नाकावर पानासारखी कातडी असते, परंतु त्याचे मोठे कान कपाळावर एकमेकांना जोडलेले असतात.

त्यानंतर दाराशीच थांबून मंद लाल प्रकाशात दुर्बिणीने नाक न्याहाळावे. नाकपुड्यांभोवती घोड्याच्या नालासारखी कातडी, तिच्यावर आडवी उभार पट्टी आणि दोन्ही कडांना प्रत्येकी तीन लहान पाळ्या, ही खरी खूण. त्याच कुळातील हिपोसिडेरॉस फुल्वसला या पाळ्या नसतात आणि त्याचे कान बरेच मोठे असतात. एकमेकांना न चिकटता, मध्ये थोडे अंतर राखून लटकण्याची सवयही ओळखीस मदत करते. मादीच्या छातीशी पिल्लू दिसल्यास लगेच मागे फिरावे, कारण तिला एका वेळी एकच पिल्लू होते आणि घाबरून उडताना ते खाली पडू शकते. वटवाघळाला हात तर कधीच लावू नये. रेबीजचा धोका नाकारता येत नाही.

सूर्यास्तानंतर वाड्याबाहेर बसल्यास शिकारही पाहता येते. हे वटवाघूळ नाकातून सुमारे १३० किलोहर्ट्झचा, जवळजवळ एकाच पट्टीतला ध्वनी सोडते. पतंगाचे पंख हलले की परतणाऱ्या प्रतिध्वनीत थरथर उमटते आणि झुडपांच्या पानांतूनही भक्ष्य वेगळे कळते. आपल्या कानाची मर्यादा २० किलोहर्ट्झ असल्याने हा ध्वनी टिपण्यासाठी मोबाइलला अल्ट्रासाउंड मायक्रोफोन जोडावा लागतो. तो घेताना मात्र सावध राहावे: सेकंदाला ध्वनीचे २,५६,००० नमुने घेणारा मायक्रोफोन त्याच्या निम्म्या, म्हणजे १२८ किलोहर्ट्झपर्यंतच पोहोचतो आणि नेमके हेच वटवाघूळ निसटते, म्हणून ३,८४,००० नमुन्यांचा घ्यावा.