रोव्हरची चाकं रुतायची, त्यावरचा उपाय

भाच्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी चांद्र रोव्हरचं मॉडेल करत होतो. चांद्रयान-३ च्या ‘प्रज्ञान’ रोव्हरसारखीच सहा चाकं आणि रॉकर-बोगी सांगाडा, म्हणजे चाकं धरणारे, सांध्यांवर वरखाली झुलणारे दांडे. स्प्रिंग नाही, तरी दगड आला की सहाही चाकं जमिनीला टेकून राहतात. तो भाग पहिल्याच दिवशी जमला.

अडलं ते मातीत. चाचणीसाठी खडी क्रशरवरची बारीक भुकटी चाळून आणली. सोलापूरचा काळा दगड बेसाल्टच, चंद्रावरचे काळसर डागही बेसाल्टचेच, म्हणून ती निवडली. बाजारातली गुळगुळीत प्लास्टिकची चाकं त्यात जागच्या जागी फिरून खड्डा करायची. भाचा म्हणाला, “मामा, मोठी मोटर लावू.” जोर वाढवला की खड्डा आणखी खोल!

मग अक्कलकोट रोड एमआयडीसीतून ॲल्युमिनियमची पट्टी आणली, रुंद चाकं वळवली आणि त्यांवर आडव्या पट्ट्या रिव्हेट केल्या. रुंदीमुळे दाब विभागला, पट्ट्यांनी भुकटी मागे रेटली. १०० आरपीएमच्या (मिनिटाला १०० फेऱ्यांच्या) मोटरी काढून १० च्या गिअर मोटरी बसवल्या. खरा प्रज्ञानही सेकंदाला साधारण १ सेंटिमीटरच चालायचा. घाई इथे कामाची नाही.

गिअरमध्ये धूळ जायची, तिथे नमद्याच्या चकत्या घातल्या. चंद्रावरची धूळ तर काचेच्या चुऱ्यासारखी टोकदार.

आणि हो, तिथे वजन एक षष्ठांश म्हणून सोपं जाईल असं कुणी समजू नका. वजनासोबत चाकांची पकडही घटते.