शिडाच्या होडीतून अनपेक्षितपणे कोणाला वाचवावे लागले, तर या चुका टाळा

खडकवासल्याच्या जलाशयात शिडाची होडी चालवायला शिकून पुढे मुंबई-मांडवा पट्ट्यात समुद्रावर जाणाऱ्या पुणेकरांचा बहुतेक सराव वारा पकडण्याचा असतो. होडी हव्या त्या जागी थांबवण्याचा सराव कमी पडतो, आणि अचानक कोणी पाण्यात गटांगळ्या खाताना दिसले की नेमकी तीच उणीव नडते.

पहिली चूक नजर हटण्याची. ५ नॉट वेगाने चाललेली होडी मिनिटाला सुमारे १५० मीटर पुढे जाते आणि किरकोळ लाटांतही माणसाचे डोके दिसेनासे होते. म्हणून एकाने दुसरे कोणतेही काम न करता त्या व्यक्तीकडे बोट रोखून ठेवावे.

सर्वांत घातक चूक मात्र सुकाणू धरणाऱ्याची असते, ती म्हणजे वारा पाठीवर घेऊन थेट त्या व्यक्तीकडे सुटणे. वारा मागून असताना मुख्य शिडाचा दोर कितीही सैल सोडला, तरी शीड आणि त्याखालची बूम (शिडाची खालची कड धरणारा आडवा दांडा) डोलकाठीच्या ताणतारांना टेकून अडते, शिडात वारा भरलेलाच राहतो आणि होडी थांबत नाही. त्याऐवजी आधी वारा आडवा घेऊन थोडे दूर जावे, नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्यातून फिरवून वळावे, आणि त्या व्यक्तीच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा तिच्यावरून आपल्याकडे येईल अशा जागी उतरून तेथून वर चढावे. या वेळी वारा नाळेच्या साधारण ६० अंश बाजूने येत असावा. दोर पूर्ण सोडून पाहावा: शीड नुसते फडफडले तर कोन बरोबर आहे, भरलेलेच राहिले तर आणखी खाली उतरायला हवे. डोंगरांमधल्या जलाशयावर वारा घडोघडी फिरतो, त्यामुळे ही चाचणी तेथे दोनदा करावी लागली तरी हरकत नाही.

लहान होडीत त्या व्यक्तीला वाऱ्याकडच्या बाजूने घ्यावे, कारण दुसऱ्या बाजूला बूम आणि शीड आडवे येते. मदतीच्या उत्साहात सगळे एकाच कडेला धावले, तर होडीच उलटते. इंजिन असल्यास जवळ पोहोचताच न्यूट्रलमध्ये टाकावे आणि पाण्यात लोंबणारे दोर आधी आत ओढावेत. स्वतः उडी मारणे हा अगदी शेवटचा उपाय. त्याआधी दोर फेकावा, तोही त्या व्यक्तीच्या पलीकडे पडेल असा.

आपलीच होडी उलटली, तर किनारा जवळ दिसतो म्हणून पोहत निघू नये. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात भारतीय नौकानयनपटू अभिलाष टॉमी यांच्या होडीची डोलकाठी मोडली आणि पाठीला गंभीर दुखापत झाली; ते होडीतच राहिले आणि तीन दिवसांनी फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या जहाजाने त्यांना बाहेर काढले. तरंगणारी होडी शोधणाऱ्याला दिसते, एकटे डोके दिसत नाही.

बराच वेळ पाण्यात राहिलेल्या माणसाला शक्यतो आडवे ठेवूनच वर घ्यावे, कारण उभे ओढल्यास रक्तदाब एकाएकी कोसळू शकतो. नाकातोंडात पाणी गेले असेल, तर ‘आता बरे वाटते’ यावर विसंबून डॉक्टरांकडे नेणे टाळू नये.

मदत मागवण्यात उशीर करणे ही आणखी एक चूक. समुद्रावर व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनलवर ‘मेडे रिले’ (दुसऱ्या कोणासाठी दिलेली संकटाची हाक) द्यावा किंवा तटरक्षक दलाला १५५४ वर कळवावे, जलाशयावर ११२. सुटका झाल्यानंतर तेही लगेच कळवावे, नाहीतर शोध चालूच राहतो.