तार ढिली, दोष कोपऱ्याचा: जनावरांच्या तारेच्या कुंपणात या चुका टाळा

कुंपणाची तार लोंबायला लागली की हात पहिल्यांदा रॅचेटकडे, म्हणजे तार गुंडाळून कसणाऱ्या दातेरी रिळाकडे जातो. दोन-चार दाते फिरवले, तार ताठ झाली, काम झालं असं वाटतं. थोड्याच दिवसांत तीच तार पुन्हा लोंबते. चांगल्या स्टीलची तार बेताच्या ताणाखाली आपोआप वाढत नाही. तिला धरून ठेवणारं काहीतरी सरकलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो कोपऱ्याचा किंवा टोकाचा खांब असतो.

हिशोब एकदा करून बघा. २.५ मिमी जाडीच्या हाय टेन्साइल (जास्त ताण सोसणाऱ्या कडक स्टीलच्या) तारेला १०० किलोचा ताण दिला, तर १०० मीटर लांबीत ती जेमतेम १० सेंमी ताणली जाते. सगळा ताण त्या १० सेंमीत असतो. टोकाचा खांब तारेच्या उंचीवर ५ सेंमी आत कलला की अर्धा ताण गेला, आणि एवढा कल नुसत्या नजरेला कळतही नाही. कुंपणाची बाजू ५० मीटरचीच असेल तर तेवढ्याच कलाने ताण शून्यावर येतो. म्हणून आखूड बाजू लवकर ढिल्या पडतात. तिथे तार हलकी घेऊन चालेल, टोकाचा खांब हलका चालणार नाही.

तेव्हा रॅचेटला हात लावण्याआधी ढिलाई कुठे आणि कशी आहे ते बघा. वरच्या तारा जास्त ढिल्या आणि खालच्या बऱ्यापैकी ताठ असतील तर टोकाचा खांब कललाय; तो बुडाशी फिरतो, त्यामुळे वरचं टोक जास्त सरकतं. ओळंबा लावला की लगेच कळेल. एकच तार पूर्ण लांबीत ढिली असेल तर तिचा सांधा किंवा टोकाची गाठ सरकते आहे. खोलगट जागेत तारा उचलल्या जाऊन आसपास सैल झाल्या असतील तर तिथला खांब उपटून वर आलाय. आणि तारा दुपारी मऊ, पहाटे ताठ लागत असतील तर काहीच करू नका. तापमान ३० अंशांनी बदललं की २.५ मिमी तारेतला ताण साधारण ३५ किलोंनी बदलतो. दर दुपारी कसत राहणारा माणूस थंडीच्या दिवसांत स्वतःच आपले कोपरे उपटत असतो.

कोपऱ्याच्या चुका

पाच तारांना प्रत्येकी १०० किलो ताण म्हणजे टोकाच्या खांबावर ५०० किलोंची ओढ, रात्रंदिवस. काटकोनी कोपऱ्यावर अशी ओढ दोन्ही बाजूंनी येते आणि खांब आतल्या कर्णाच्या दिशेने झुकतो. तिथे एकच टेकू लावून भागवणं ही नेहमीची चूक. प्रत्येक तारेच्या रेषेत एक, असे दोन टेकू हवेत.

टेकू कुठल्या बाजूला लावायचा यातही घोळ होतो. तार खांबाला ज्या दिशेने ओढते त्याच दिशेला, कुंपणाच्या रेषेतच टेकू येतो. तो खांबाला मागे ढकलून धरतो. रेषेला आडवा लावलेला टेकू वाऱ्याविरुद्ध उपयोगी पडेल, तारेविरुद्ध नाही. तो फार उभा असू नये. उभा टेकू खांबाला मागे कमी ढकलतो आणि जमिनीतून वर जास्त उचलतो. १.२ मीटर उंचीच्या कुंपणाला टेकूचा पाय खांबापासून १.८ ते २ मीटरवर असावा आणि तो नुसत्या मातीत न रोवता सपाट दगडावर किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यावर टेकवावा. मातीत रोवलेला पाय पहिल्या मोठ्या पावसात रुततो, टेकू मोकळा होतो आणि नंतर फक्त शोभेला उरतो.

लांब बाजू आणि लाकडी खांब असतील तर दोन खांबांची चौकट टेकूपेक्षा खात्रीची. टोकाच्या खांबापासून कुंपणाच्या रेषेत दुसरा खांब, दोघांमध्ये वरच्या बाजूला आडवी दांडी, आणि एक तिरकी दुहेरी तार पीळ देऊन कसलेली. ही तिरकी तार दुसऱ्या खांबाच्या डोक्यापासून टोकाच्या खांबाच्या बुडाशी यायला हवी. उलट्या कर्णावर बांधली तर ती ओढीविरुद्ध कामच करत नाही, आणि अशा उलट्या चौकटी कमी नाहीत. दांडीची लांबीही बघा. ती कुंपणाच्या उंचीच्या निदान दुप्पट हवी. उंचीइतकीच दांडी ठेवली तर टोकाच्या खांबाला वर उपटणारा जोर दुप्पट होतो.

खांबाचा निदान एक तृतीयांश भाग जमिनीत असतो. टोकाच्या खांबाला ९० सेंमी ते १.२ मीटर खोली द्या. खड्डा एकदम भरून वरून पाय मारू नका. १५-१५ सेंमीचे थर टाकून प्रत्येक थर पहारीच्या बोथट टोकाने ठोका. ओल लागली की फुगणाऱ्या आणि सुकली की भेगाळणाऱ्या चिकण मातीत खोली हाच उपाय, कारण वरचा थर दर हंगामात हलतो. काँक्रीट केलं असेल तर वरचा भाग खांबापासून बाहेर उतरता ठेवा. खांबाभोवती वाटी राहिली की पाणी साचतं. मग लाकूड कुजतं आणि लोखंडी अँगल नेमका जमिनीलगत खातो. काँक्रीट ओलं ठेवून किमान ७ दिवस झाल्याशिवाय तार ताणू नका.

कललेला कोपरा दुरुस्त करायचा तर आधी सगळ्या तारा सैल करा. खांब ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूची माती उकरा, बाहेर पक्का आधार धरून पुलरने (तार ओढायच्या हाताच्या अवजाराने) तो ओळंब्याच्याही २-३ सेंमी बाहेर ओढा, मागे पडलेली पोकळी थरांनी ठोकून भरा, टेकू बसवा. मगच तारा. त्यातही एक तार पूर्ण कसून मग दुसरी घेतली, तर प्रत्येक नव्या तारेबरोबर खांब किंचित सरकतो आणि पहिली ढिली पडते. सगळ्या तारा आधी निम्म्या ताणावर आणा, मग पूर्ण.

फाटक टोकाच्या खांबावर टांगण्याचा मोह टाळा. फाटकाचं वजन उघड-झाप होताना दिशा बदलतं आणि खांब हळूहळू खिळखिळा होतो. फाटकाला वेगळा खांब द्या.

ताण किती, आणि तो मोजायचा कसा

बोटाने छेडून आवाज ऐकणं हा अंदाज झाला, माप नव्हे. मोजायला दोन वस्तू पुरतात: एक सरळ पट्टी आणि स्प्रिंगचा काटा. पट्टीवर बरोबर १०० सेंमी अंतरावर दोन खिळे ठोका. मधोमध, तार जिथे टेकते त्या रेषेपासून १२.५ मिमीवर खूण करा. दोन्ही खिळे तारेला टेकवून पट्टी घट्ट धरा, काट्याने तार मध्यावर खेचून खुणेपर्यंत आणा आणि आकडा वाचा. त्याला २० ने गुणा. काटा ५ किलो दाखवत असेल तर तारेत १०० किलो ताण आहे.

हाय टेन्साइल साध्या तारेला ९० ते ११० किलो पुरेसे आहेत. झटक्याच्या (विजेचा झटका देणाऱ्या) तारेला जनावर टेकून उभं राहत नाही, म्हणून तिला त्याहून कमी चालतो. मऊ लोखंडाच्या तारेला मात्र हा आकडा लावू नका. तिला एका मर्यादेपुढे कसलं की ती कायमची लांबते. जितकं कसावं तितकी बारीक होते आणि पुन्हा लोंबते.

काटेरी तार हाताच्या पुलरने बेताची ओढायची. ट्रॅक्टरने तर कधीच नाही. ट्रॅक्टरला जोराचा अंदाज येत नाही, आणि तुटलेली काटेरी तार गुंडाळी होत उलटी येते. ट्रॅक्टर नुसता आधार म्हणून उभा करायला हरकत नाही. तार कसताना डोळ्यांवर चष्मा, हातात चामडी मोजे, आणि उभं राहायचं ते खांबाच्या पलीकडे. गंजून खवले निघणारी काटेरी तार पुन्हा ताणण्याचा विचारच सोडा, तेवढा टप्पा बदला.

रॅचेट तारेच्या टोकाला न लावता मध्याजवळ लावा. प्रत्येक खांबाशी घर्षण असतं. एका टोकाकडून कसलं तर जवळचा भाग ताठ होतो आणि लांबचा तसाच राहतो, उंचसखल जमिनीत तर हमखास. रॅचेटच्या रिळावर तारेचे दोन-तीन वेढे राहू द्या, म्हणजे ती घसरत नाही.

विणलेल्या जाळीचा नियम वेगळा. तिच्या आडव्या तारांना मुद्दाम लहान लहान बाक दिलेले असतात. उन्हाळ्या-हिवाळ्याचं प्रसरण तेच झेलतात. जाळी ताणताना हे बाक साधारण एक तृतीयांश सपाट होऊ द्या, त्यापुढे नाही. पूर्ण उंचीची पट्टी चिमट्यासारखी लावून वर-खाली दोन पुलरनी सारखं ओढा. मध्यावर एकच पुलर लावला तर वरची आणि खालची कड झोळ खाते.

खिळे, बांधणी, सांधे

मधल्या खांबाचं काम तार उंचीवर धरण्याचं आहे, ताण पेलण्याचं नाही. यू खिळा पूर्ण ठोकून तार लाकडात दाबली की तीन गोष्टी बिघडतात: तार सरकत नाही, जस्ताचा थर चिरडतो, आणि जनावराने दिलेला धक्का पूर्ण लांबीत न वाटला जाता त्याच दोन खांबांमध्ये अडकतो. तारेच्या जाडीइतकी फट ठेवा. खिळ्याचे दोन्ही पाय लाकडाच्या एकाच रेषेत येऊ नयेत म्हणून तो किंचित तिरका ठोका, नाहीतर खांब चिरतो. अँगल किंवा सिमेंटच्या खांबालाही हेच: बांधायची तार मुख्य तारेला वेढून धरेल इतकीच आवळा, तिला घडी पडेल इतकी नाही.

तार खांबाच्या जनावरांकडच्या बाजूला हवी. जनावर रेटतं तेव्हा जोर खांबावर जातो. उलट बाजूला असेल तर खिळे निघतात. वळणावर मात्र तार नेहमी वळणाच्या बाहेरच्या बाजूने. झाडाला खिळे मारून खांब वाचवणं ही खोटी काटकसर. झाड जाड होत तार गिळतं आणि मग ती ना सोडवता येते ना कसता येते.

हाय टेन्साइल तार साध्या पकडीने धरू नका. पकडीच्या दातांनी पडलेली बारीकशी खाच हीच पुढे तुटायची जागा. सरकती पकड असलेला पुलर वापरा. सांधा आठाच्या आकाराच्या गाठीने किंवा दाबायच्या स्लीव्हने (धातूच्या छोट्या नळीने) करा. स्लीव्ह निदान दोन, आणि तिच्याच अवजाराने दाबलेल्या. ताणाखालची तार थेट कापू नका. आधी रॅचेट सोडा. ते गंजून अडकलं असेल तर दोन्ही बाजू पुलरने धरून मगच कापा.

गंज

तारेचं आयुष्य जस्ताच्या थरावर ठरतं. हलका थर चौरस मीटरला ६० ते ९० ग्रॅमचा, भारी थर २४० ग्रॅमच्या आसपास. दिसायला दोन्ही सारखेच चकचकीत, म्हणून गुंडाळीवरची चिठ्ठी वाचा. जस्त चढवलेल्या तारेला काळ्या, बिनजस्ताच्या तारेने बांधलं की बांधणी तर गंजतेच, शेजारचं जस्तही आधी संपतं. तांब्याची तार जोडणं त्याहून वाईट. तांबेयुक्त औषध मुरवलेल्या लाकडी खांबांना भारी थराचेच यू खिळे लागतात.

ओढा, गवत आणि वीज

ओढ्यावरून सलग कुंपण नेऊ नका. पुरात वाहून आलेला कचरा तारेला अडकतो आणि दोन्ही काठांचे खांब सोबत नेतो. दोन्ही काठांवर टोकाचे पक्के खांब घेऊन कुंपण तिथेच संपवा; मधल्या जागेत वरच्या तारेला टांगलेली, पाण्याने उचलली जाणारी झूल लावा. पूर आला तर झूल जाईल, कुंपण राहील. खोलगट जागेतले खांब वर उपटतात म्हणून त्यांच्या बुडाशी ६०-७५ सेंमी खोल दगड पुरून खांब त्याला तारेने जखडा.

वेली वेळेत तोडा. ओल्या वेलींचं वजन आणि त्यांना लागणारा वारा, दोन्ही तारेवर येतात. आणि शेळ्या-मेंढ्या असतील तर खालच्या तारांमधलं अंतर १०-१५ सेंमी ठेवा. शेळीला ढिली तार लागत नाही, एक मोठी फट पुरते.

लाकडी किंवा सिमेंटच्या खांबांवरच्या साध्या कुंपणात वीज पडली तर ती तारेतून लांबवर जाते आणि कुंपणाला टेकलेली जनावरं मरतात. दर ४५-५० मीटरवर सगळ्या तारांना जोडलेली लोखंडी सळई जमिनीत ठोका. हे झटक्याच्या तारांना करायचं नसतं. त्यांचं अर्थिंग मशीनपाशीच असतं.

झटका मशीन असेल तर दोन गोष्टींवर तडजोड नको: घरची वीज तारेत थेट कधीही सोडायची नाही, आणि काटेरी तारेत झटका द्यायचा नाही, कारण अडकलेलं जनावर किंवा माणूस सुटू शकत नाही. झटका कमी पडतोय अशी तक्रार आली की लोक मशीनला दोष देतात. बहुधा दोष अर्थिंगचा असतो. तीन सळया, प्रत्येकी दीड ते दोन मीटर, एकमेकींपासून ३ मीटर अंतरावर आणि घरच्या अर्थिंगपासून निदान १० मीटर दूर. तपासणी अशी: मशीनपासून १०० मीटरवर लोखंडी सळई तारेला टेकवून जमिनीत रोवा, व्होल्टेज २००० च्या खाली येऊ द्या, मग शेवटच्या अर्थिंग सळईवर मीटर लावा. ३०० व्होल्टहून जास्त दाखवलं तर अजून सळया ठोकाव्या लागतील, तोवर मोठं मशीन आणून उपयोग नाही.