पंखा मंदावलाय? आधी कपॅसिटर बघा

एप्रिलच्या उकाड्यात पंखा मंद झाला, की आमच्या खानापुरात लोक थेट नव्याच्या गोष्टी करतात. थांबा. बटण दाबल्यावर तो नुसता गुणगुणतो आणि काठीने ढकलल्यावर फिरतो? मग बहुतेक कपॅसिटर, म्हणजे मोटारला फिरायला जोर देणारी छोटी डबी, गेलाय.

मेन स्विच बंद करा. नुसत्या बटणावर विसंबू नका. जुन्या घरांत कधी कधी बटण न्यूट्रलवर जोडलेलं असतं, म्हणजे बटण बंद असलं तरी पंख्यात वीज राहते. मग पातं हाताने फिरवा. अडखळलं तर बेअरिंगचं दुखणं, ते मोटारीची तार गुंडाळणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडेच न्या. मोकळं फिरलं तर दांड्यावरची वाटी सरकवा. आत दोन वायरींची छोटी डबी दिसेल, तोच कपॅसिटर. तिच्या जोडणीचा मोबाईलवर फोटो काढा. दोन्ही टोकं प्लास्टिक मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवा, साठलेली वीज उतरते.

डबीवरचा आकडा वाचा. बहुधा २.५ मायक्रोफॅरड (µF), ४४० व्होल्ट असतो. निपाणी असो की बेळगाव, इलेक्ट्रिकच्या दुकानात अगदी तोच मागा, शंभराच्या आत येतो. दुकानदार 'मोठा घाला, जोरात फिरेल' म्हणाला तरी ऐकू नका. वाइंडिंग, म्हणजे मोटारीतली गुंडाळलेली तार, तापून जळू शकतं, आणि तो खर्च वेगळाच पडतो. कपॅसिटरच्या दोन वायरी उलटसुलट झाल्या तरी चालतं. जोड घट्ट पिळा, टेप गुंडाळा, वाटी परत जागेवर सरकवा.