नेलपॉलिशचा नेहमीचा मरून सोडून नवीन शेड लावताय? मग या चुका टाळा

वर्षानुवर्षं मरून, रेड आणि तो एक बेबी पिंक लावणाऱ्या बायका हौसेने मोरपिशी नाहीतर लॅव्हेंडर आणतात, एकदा लावतात आणि लगेच "मला नाही शोभत गं" म्हणून बाटली मुलीला देऊन टाकतात. खूप जीव तुटतो माझा. कारण हात बघितला की कळतं, रंग छान असतो, लावताना घाई झालेली असते.

पहिली चूक म्हणजे बाटली बघून रंग पसंत करणं. बाटलीत रंगाचा जाड थर असतो, नखावर पातळ, त्यामुळे बाटलीत काळपट दिसणारी वाईन शेड नखावर चक्क जांभळी निघू शकते. त्यात दुकानातला पांढराफटक लाइट. मी तुळशीबागेत जाताना पर्समध्ये सेलोटेप ठेवते, टेस्टरचे दोन हात टेपच्या तुकड्यावर मारायचे, वाळलं की तुकडा नखावर चिकटवायचा आणि बाहेर उजेडात येऊन बघायचं. दुकानदार कंटाळतात, कंटाळू देत. आणि एकाच नखावर लावून निकाल देऊ नका, निळं एक नख आणि बाकीची नऊ कोरी हे कुणालाच चांगलं दिसणार नाही, पूर्ण हात रंगवा आणि एक दिवस तसाच राहू द्या, डोळ्याला सवय व्हायला वेळ लागतो.

आता बेस कोट, म्हणजे रंगाच्या आधी नखावर लावायचा पारदर्शक थर. यावर मी कितीही बोलू शकते. माझ्या नणंदेच्या मुलीचा साखरपुडा होता, पैठणी मोरपिशी, म्हणून नेलपॉलिशही मोरपिशीच हवी होती. आदल्या रात्री सगळं आवरून अकरा वाजता बसली, बेस कोट नाही, एकावर एक तीन जाड थर, आणि तशीच पांघरूण घेऊन झोपली. सकाळी प्रत्येक नखावर चादरीची वीण उमटलेली! मग रिमूव्हरने खसाखसा घासलं तर रंग पसरून बोटं हिरवीनिळी, नखांच्या कडा तर विचारू नका. मी इअरबड रिमूव्हरमध्ये बुडवून एकेक कड साफ करत बसले आणि शेवटी वरून मरूनच लावलं. रंग काढल्यावर नखं पिवळट हिरवी पडलेली होती आणि तो डाग घासून जात नाही, लिंबू चोळू नका, फाइलने खरवडू तर अजिबात नका, नख आणखी पातळ होतं. बोटाचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, म्हणजे अख्खं नख बदलायला सहाएक महिने.

म्हणून निळा, हिरवा, गडद लाल लावायचा असेल तर आधी बेस कोट, तो वाळू द्यायचा, नखाभोवतीच्या कातडीला थोडं व्हॅसलीन (नखावर नको, रंग धरत नाही), मग दोन पातळ हात, मध्ये दोनतीन मिनिटं, शेवटी टॉप कोट, म्हणजे रंगावरून पारदर्शक थर. वरून वाळलं तरी आतून कडक व्हायला काही तास लागतात, तेव्हा समारंभ असेल तर आदल्या दिवशी दुपारीच लावा. बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवायच्या रील्स मलाही खूप जणी पाठवतात, पण त्याने वरचा थर गार होऊन कडक लागतो एवढंच, आतलं सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारं द्रव्य) उडायचं तेवढाच वेळ घेतं. ज्यांना अर्धा तास शांत बसवत नाही त्यांनी गडद शेडच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाटली जोरात हलवू नका, बुडबुडे येतात, तळव्यांमध्ये फिरवा.

पेस्टल शेड पट्टेपट्टे दिसते कारण आपण ओल्या थरावर पुन्हा ब्रश फिरवतो. एकदाच फिरवा, कमी वाटलं तर वाळल्यावर तिसरा पातळ हात द्या.

निऑन फिकं वाटतंय? खाली पांढरा हात द्या.

ग्लिटर नखाने खरवडून काढू नका, रिमूव्हरचा कापूस नखावर ठेवून वरून फॉइल गुंडाळा, दहा मिनिटांत निघतं.

लॅव्हेंडर, पांढरा, न्यूड लावून हळदीला हात लावला की रंग पिवळा पडलाच समजा. लग्नघरात हलके रंग हळदीच्या कार्यक्रमानंतर लावा, घरी फोडणी करताना टॉप कोट तरी असू द्या.

आणि जुनी बाटली घट्ट झाली म्हणून त्यात रिमूव्हर ओतू नका, पॉलिश फाटते आणि चमक जाते. नेलपॉलिश थिनर मिळतं, त्याचे दोनतीन थेंब टाका, तरीही ब्रशला तार सुटत असेल तर बाटली टाकून द्या.