आधी पाय, मग तार: नॉर्डिक निओफोक शिकताना

टागलहार्पा हातात आलं तेव्हा पहिले दोन आठवडे त्यातून फक्त गंजलेल्या बिजागरीचा आवाज निघाला. घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या तारा लावलेलं, गजानं वाजवायचं हे लाकडी वाद्य. हेडफोनमध्ये ऐकलेलं ते धुक्यातून आल्यासारखं घोगरं गाणं आणि माझ्या खोलीतली ती कुरकुर यांचा काही संबंध लागेना. कारण हास्यास्पद होतं: नव्या गजाला राळ लागते, आणि ती आपल्याला वाटते त्याच्या पाचपट लागते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. या लेखात अशाच गोष्टी आहेत, ज्या मला कोणीतरी आधी सांगायला हव्या होत्या.

मी नॉर्डिक निओफोककडे, म्हणजे उत्तर युरोपच्या या जुन्या धाटणीच्या संगीताकडे, आले ती मालिका आणि गेममधून. बहुतेक जण तसेच येतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नॉर्वेच्या आइनर सेल्विकचा वारद्रुना हा बहुतेकांचा दरवाजा. हा माणूस आधी गॉरगॉरॉथ या ब्लॅक मेटल बँडमध्ये ड्रम वाजवायचा. 2003 साली त्यानं वारद्रुना सुरू केलं, आणि फुथार्क या उत्तर युरोपच्या जुन्या लिपीतल्या 24 रून अक्षरांवर 2009, 2013 आणि 2016 असे तीन अल्बम केले. दुसरा दरवाजा हायलुंग, 2014 पासूनचा, डेन्मार्कमधला. शिंगं, हाडं, भाले, मंत्रासारखं पठण, सगळा थाट. हे ऐकून माणूस भारावतो आणि लगेच एक ढोल नि एक टागलहार्पा मागवतो. मीही तेच केलं.

नावाचा एक घोळ आधी निस्तरते. ‘निओफोक’ हा शब्द मुळात या ढोल-शिंगांच्या संगीताचा नाही. 1980 च्या दशकात ब्रिटनमधल्या पोस्ट-इंडस्ट्रियल, म्हणजे यंत्रांसारख्या कर्कश आवाजांच्या संगीतातून आलेल्या मंडळींनी गोंगाट बाजूला ठेवून अकूस्टिक गिटार हातात घेतली, त्या उदास, गूढ गाण्यांना हे नाव पडलं. आज त्याच छत्रीखाली नॉर्डिक, बाल्टिक, स्लाव्ह असं बरंच काही येतं. शब्दावरून भांडणारे खूप भेटतील. त्यांना भांडू द्या.

खरी गोष्ट पुढची आहे. ‘प्राचीन’ म्हणून जे ऐकू येतं, त्यातलं किती प्राचीन असतं? मी सुरुवातीला याचा विचारच केला नाही. नंतर एका शिक्षिकेनं मला वहीत तीन रकाने आखायला लावले: माहीत आहे, अंदाज आहे, आपण रचलं आहे. कुठलंही वाद्य, सूर, शब्द यांपैकी एका रकान्यात टाकायचा. हा खेळ वाटतो, पण त्यानं माझी अर्धी गृहीतकं कोसळली.

टागलहार्पाचंच घ्या. सगळे त्याला वायकिंग वाद्य म्हणतात, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या त्या जुन्या दर्यावर्दी लढवय्यांचं. वायकिंग काळ साधारण 793 ते 1066. युरोपात गजानं वाजवायची पद्धतच 10व्या-11व्या शतकाच्या आसपास दक्षिणेकडून आली. डब्लिनच्या उत्खननात 11व्या शतकातला एक गज मिळाला आहे, म्हणजे त्या काळाच्या अगदी शेपटाला. ट्रॉन्डहाइमच्या निदारोस कॅथेड्रलमध्ये गजानं लायर (चौकटीवर तारा ताणलेलं जुनं वाद्य) वाजवणाऱ्या माणसाचं दगडी शिल्प आहे, पण ते मध्ययुगातलं. आज आपण वाजवतो ती पद्धत मुख्यतः एस्टोनियातल्या स्वीडिश भाषकांकडून आणि फिनलंड-करेलियातल्या योहिक्को वाजवणाऱ्यांकडून आलेली. ऑटो अँडरसन या फिनिश अभ्यासकानं 20व्या शतकाच्या सुरुवातीला त्यांच्यात फिरून ती टिपली, 1923 साली तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि 1970 च्या दशकात स्वीडनच्या स्टीरब्यॉर्न बेरिएल्तसारख्यांनी हे वाद्य पुन्हा वाजतं केलं. म्हणजे आपण जे शिकतो ती शेतकऱ्या-कोळ्यांच्या नाचाची परंपरा आहे. मला तरी हे वायकिंगांपेक्षा जास्त आवडलं.

ज्याला खरोखर जुनं काही हवं, त्यानं लायरकडे वळावं. जर्मनीत ट्रॉसिंगेन इथे 2001-02 च्या सुमारास एका योद्ध्याच्या कबरीत सहा तारांची लायर सापडली, खुंट्या आणि घोडीसकट. कबरीच्या लाकडाच्या वर्षवलयांवरून साल निघालं 580. इतकं शाबूत वाद्य मिळाल्यामुळे तिची हुबेहूब नक्कल करता येते. वाद्य पहिल्या रकान्यात. पण तिच्यावर कोणती धून वाजायची, तारा कशा जुळवायच्या, हे सगळं तिसऱ्या रकान्यात! ढोलांचा तर वायकिंग काळातला ठोस पुरावा जवळजवळ नाहीच.

आणि ते घशातलं घोगरं गाणं? सुमारे 965 साली अल-तरतुशी नावाचा, स्पेनमधून आलेला प्रवासी वायकिंगांच्या हेडेबी या बंदरात पोचला. त्यानं लिहून ठेवलं की यांच्याइतकं वाईट गाणं मी ऐकलेलं नाही, घशातून निघणारी ती गुरगुर कुत्र्यांच्या ओरडण्यासारखी, किंबहुना त्याहून रानटी. एका वैतागलेल्या श्रोत्याच्या या शेऱ्यावर आजचे कितीतरी गायक आपलं कंठगायन उभं करतात, आणि तंत्र बरंचसं तुवा-मंगोलियातून घेतात. मला यात गैर काही वाटत नाही. फक्त कार्यक्रमाच्या पत्रकावर ‘आमचे पूर्वज असेच गात’ असं छापू नये.

आता पायांकडे येते. माझी सगळ्यात मोठी फजिती तिथलीच आहे.

स्वीडनमधल्या एका इथ्नो शिबिराला गेले होते. इथ्नो ही तरुण वादकांची शिबिरं, 1990 मध्ये फालुन इथे सुरू झालेली, आता अनेक देशांत भरतात. तिथे नोटेशन नसतं. प्रत्येकानं आपल्याकडची एक धून बाकीच्यांना कानावरून शिकवायची. मी काय केलं? नॉर्वेच्या टेलेमार्कमधली एक स्प्रिंगार, म्हणजे तीन मात्रांच्या लोकनाचाची, धून नीट बसवून गेले आणि स्कँडिनेव्हियन मुलांनाच ती शिकवायला लागले. पहिल्या चार ओळींत दोघं नॉर्वेजियन एकमेकांकडे बघायला लागले. सूर बरोबर होते. ताल साफ चुकला होता.

मी ती धून संगणकावर, मेट्रोनोम लावून बसवली होती. तीन मात्रा, तिन्ही सारख्या. टेलेस्प्रिंगारच्या तीन मात्रा सारख्या नसतातच. पहिली लांब, दुसरी मध्यम, तिसरी आखूड. नॉर्वेतल्याच वाल्द्रेस खोऱ्यात गेलात तर पहिली आखूड, दुसरी लांब, तिसरी मध्यम. स्वीडनच्या पोल्स्का नाचात गावागणिक आणखी प्रकार. लय ठेवली जाते ती टाच जमिनीवर आपटून, आणि ती येते नाचातून: पाऊल कधी खाली जातं, शरीर कधी वर उचललं जातं, त्यावरून. त्या मुलांनी मला वाद्य खाली ठेवायला लावलं आणि दोन संध्याकाळी नुसतं नाचवलं. तिसऱ्या दिवशी धून हातात घेतली तेव्हा ती आपोआप लंगडायला लागली, जशी लंगडायला हवी तशी.

म्हणून नवीन कोणी विचारलं की कुठून सुरुवात करू, तर मी सांगते, ऐकण्याचा क्रम उलटा लावा. वारद्रुना ऐकलंत, आता 1990 च्या आसपास सुरू झालेले स्वीडनचे हेडनिंगार्ना आणि गारमार्ना ऐका. लोकसंगीताला वीज जोडायचा धाडसी प्रयोग त्यांनी आधीच केला होता. तिथून नॉर्वेचं हार्डांगर फिडल एकटं वाजतं ते ऐका. या फिडलच्या मुख्य तारांखाली तरफा असतात, चार किंवा पाच, त्यामुळे सतार-सारंगी ऐकलेल्या कानाला ते फार लवकर आपलंसं वाटतं. त्याचा सगळ्यात जुना मानला जाणारा नमुना 1651 चा आहे. मग अभिलेखागारातल्या म्हाताऱ्या वादकांपर्यंत जा, जिथे ध्वनिमुद्रणात टाच आपटलेली ऐकू येते. स्टॉकहोमचं स्वेन्स्क्त विसअर्किव हे लोकसंगीताचं अभिलेखागार आणि हेलसिंकीत 1831 पासून चालत आलेली फिनिश साहित्य संस्था, या दोन ठिकाणी आयुष्यभर पुरेल इतकं आहे, आणि त्यातलं बरंच घरबसल्या पाहता-ऐकता येतं.

हाताचं तंत्र तोंडी सांगून फारसं कळत नाही, तरी थोडं सांगते. टागलहार्पाला तारेखाली बोटं दाबायची पट्टी नसते. डावा हात चौकटीतल्या खिडकीतून आत घालून तारेला बोटांच्या मागच्या बाजूनं, नखाजवळ किंवा सांध्यानं स्पर्श करायचा. सारंगीवाल्यांना हे नवीन नाही. गिटारवाल्यांना वेड लागतं. एक तार धून धरते, बाजूची सतत आस देत राहते. केस दमट हवेत लांबतात, सूर उतरतो. पावसाळी दिवशी मैदानातल्या कार्यक्रमात मी दर गाण्याआधी सूर जुळवत बसले होते, लोकांना तो विधीचाच भाग वाटला. तेव्हापासून सोबत जादा वळलेल्या तारा ठेवते.

सेल्यफ्लॉयतेबद्दल मात्र मला आवरत नाही. विलोच्या सालीची ही बासरी वसंतात करतात, कारण रस चढलेला असताना साल अख्खी नळीसारखी निघते. हिला बोटांची भोकंच नसतात. फुंकर कमी-जास्त करायची आणि शेवटचं टोक बोटानं उघडायचं-झाकायचं, बस. जे स्वर निघतात ते नळीचे स्वयंभू स्वर, हार्मोनिक्स. त्यातला अकरावा शुद्ध मध्यम आणि तीव्र मध्यम यांच्या मधोमध कुठेतरी बसतो. पियानोवर तो नाही. जुन्या डोंगरी गाण्यांतला तो ‘चुकलेला’ मध्यम चुकलेला नाही, हे मला या सालीच्या नळीनं शिकवलं. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती: त्याच्यावर पिच करेक्शन लावू नका. मी एकदा लावलं होतं. गाण्याचा जीव गेला, राहिली फक्त स्वरांची पट्टी.

दोन बाबतीत डोळे उघडे ठेवावे लागतात. एक, चिन्हं. नाझींनी रून अक्षरं उचलली. त्यांच्या एसएस या दलाचं चिन्ह त्यातूनच आलं. निओफोकच्या जगात आजही काही मंडळी तोच धागा धरून असतात, कधी उघड, कधी ‘फक्त सौंदर्यदृष्टी’ म्हणून. कार्यक्रमाचं आमंत्रण आलं की सोबत कोण वाजवणार आहे ते मी आधी बघते. एकदा पोस्टरवरची चिन्हं पाहून नकार दिला, मानधनही गेलं. सेल्विकसारख्या मोठ्या कलावंतानं या वापराविरुद्ध उघडपणे बोलून नव्यांचं काम थोडं सोपं केलं आहे.

दुसरी बाब सामी लोकांची, म्हणजे उत्तर स्कँडिनेव्हियातल्या मूळनिवासींची. त्यांचं योइक गायन आणि त्यांचे ढोल यांना ‘उत्तरेचा गूढ आवाज’ म्हणून हवं तसं उचलणं फार चालतं. 17व्या-18व्या शतकात मिशनऱ्यांनी आणि सरकारनं हे ढोल जप्त केले, जाळले, वाजवणाऱ्यांवर खटले भरले. अँडर्स पॉल्सन या सामी माणसाचा 1691 मध्ये जप्त झालेला ढोल डेन्मार्ककडून कारास्योकच्या सामी संग्रहालयाच्या मालकीचा व्हायला 2022 उजाडलं. एवढं माहीत झाल्यावर सँपल लायब्ररीतून योइकचा तुकडा ओढून ट्रॅकवर टाकायला हात धजत नाही. हवंच असेल तर सामी गायकाला बोलवा, पैसे द्या, श्रेय द्या.

शिक्षणाचं म्हणाल तर हेलसिंकीच्या सिबेलिअस अकादमीत 1983 पासून लोकसंगीताचा स्वतंत्र विभाग आहे; तिथे परंपरा आणि नवनिर्मिती दोन्ही गंभीरपणे शिकवतात. स्वीडनमध्ये टोबो इथली एरिक सालस्ट्रॉम संस्था निकेलहार्पासाठी (कळा असलेलं, गजानं वाजवायचं स्वीडिश वाद्य), नॉर्वेत व्हॉसची ओले बुल अकादमी. युरोपबाहेरच्यांनी शुल्काचा हिशेब आधी करावा: स्वीडननं 2011 पासून, फिनलंडनं 2017 पासून आणि फुकट शिक्षणासाठी प्रसिद्ध असलेल्या नॉर्वेनंही 2023 च्या शरदापासून विद्यापीठात आपल्यासारख्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. मी पदवी केली नाही. छोटे अभ्यासक्रम, शिबिरं आणि एका वाद्यकाराच्या कार्यशाळेत झाडू मारत काढलेले महिने, हेच माझं विद्यापीठ.

पोट या संगीतावर एकट्यानं भरत नाही, निदान माझं भरलं नाही. संग्रहालयातली प्रात्यक्षिकं, इतिहास जिवंत करणारे उत्सव, गेमसाठी लागणारे सुटे आवाज, वाद्यं दुरुस्त करणं, असं सगळं मिळून महिना निघतो. सर्वांत आधी हक्कांची नोंदणी करा. नॉर्वेत त्यासाठी दोन संस्था आहेत: रचनाकारांसाठी टोनो आणि ध्वनिमुद्रणातल्या वादकांसाठी ग्रामो. जुनी धून कोणाच्या मालकीची नसते, पण तिची तुम्ही केलेली मांडणी आणि तुमचं ध्वनिमुद्रण तुमचं असतं. उलट, ‘पारंपरिक आहे’ असं समजून मी उचललेली एक धून एका हयात वादकाची निघाली होती. त्यांनी फोनवर हसून सोडून दिलं, पण तो ट्रॅक मी अल्बममधून काढला आणि ती धून श्रेय देऊन पुन्हा वाजवली.

पहिलं वाद्य कोणतं घ्यावं, हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. टागलहार्पा नको. मुनहार्पे घ्या, म्हणजे आपलं मोरचंगच. खिशात मावतं, स्वस्त असतं, सेटेस्डाल खोऱ्यात त्यावर अख्ख्या नाचाच्या धुना वाजतात, आणि हातापेक्षा तोंड काम करत असल्यानं दोन्ही पाय टाच आपटायला मोकळे राहतात.