जुन्या सेस्नात बॅकअप होरायझन बसवताना

इंजिनावरचा ड्राय व्हॅक्यूम पंप बहुधा पूर्वसूचना न देता बंद पडतो. त्याच्या ओढीवर चालणारा होरायझन, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारं यंत्र, मग हळूहळू कलतो आणि धुक्यात तेच जास्त धोक्याचं. म्हणून सेस्ना १७२ या छोट्या विमानात बॅटरीवर चालणारं इलेक्ट्रॉनिक होरायझन जोडलं. ३ १/८ इंचाच्या प्रमाणित भोकात ते बसतं. पण आधी त्या मॉडेलसाठीची मंजुरी बघा, आणि सही परवानाधारक एएमईचीच (विमान देखभाल अभियंत्याचीच) घ्या.

वायरिंग सोपं आहे: स्वतंत्र ब्रेकर, मास्टर (मुख्य वीज-स्विच) बंद करून यंत्र चालू राहतं का ते पाहणं, झालं. खरा वेळ खातो तो पिटो-स्टॅटिक, म्हणजे समोरून येणाऱ्या हवेचा (पिटो) आणि भोवतालच्या हवेचा (स्टॅटिक) दाब यंत्रांपर्यंत आणणाऱ्या नळ्या. दोन्ही नळ्यांत टी-जोड घालावा लागतो. टेफ्लॉन टेप लावताना पहिले दोन आटे मोकळे सोडा, नाहीतर तुकडे नळीत जातात. नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर मे महिन्यातल्या उन्हात प्लास्टिकच्या नळ्या नरम पडतात, म्हणून जुन्या नळ्या तशाच ठेवणं मला पटत नाही.

गळती-चाचणीत स्टॅटिकवर ओढ देऊन (हवा खेचून) अल्टिमीटर, म्हणजे उंचीदर्शक, १,००० फूट चढवा. मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. टी-जोडापासून एकेक फांदी बंद करत शोधा. ओढ देताना पिटो मोकळा ठेवला तर वेगदर्शकावर फाजील दाब येतो, म्हणून दोन्ही एकत्र जोडा. आणि ओढ सावकाश सोडा, घाईत व्हर्टिकल स्पीडचा (चढ-उताराच्या वेगाचा) काटा कायमचा बिघडतो.

शेवटी विमान समतल करून पिच-रोल शून्य करा, वजन-समतोलाचा तक्ता नव्याने भरा.